सादळलेली रीम, सोनेरी बॉर्डर आणि एक लेझर प्रिंटर: कोकणातल्या पतसंस्थेचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही पतसंस्था. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

वर्षातले दहा महिने संस्थेची छपाई किरकोळ असते: पावत्या, खातेउतारे, दिवसाला पाच-सहा कर्जप्रकरणांची कागदपत्रं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र प्रिंटरला उसंत नसते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि उपविधीप्रमाणे नोटीस सभेच्या पुरे १४ दिवस आधी सभासदांकडे रवाना व्हावी लागते. म्हणजे वर्षातलं सगळ्यात मोठं छपाईचं काम नेमकं अशा दिवसांत येतं, जेव्हा कोकणात डब्यातला पापडही तासाभरात सादळतो.

प्रिंटर काळ्या-पांढऱ्या छपाईचा, टेबलावरचा, मिनिटाला ३० पानं काढणारा. त्याच्या माहितीपुस्तिकेतले आकडे या प्रकरणात वारंवार येतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. खालच्या ट्रेमध्ये २५० पानं, जाडी ६० ते १०५ जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पुढच्या मॅन्युअल फटीतून एका वेळी एकच पान, ६० ते १६३ जीएसएम. पाठपोट छपाई १०५ जीएसएमपर्यंतच. हे पुस्तक कपाटात होतं, पण ते उघडलं गेलं तक्रारी सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात.

त्या वर्षी चार कामं होती. सुमारे १,८०० सभासदांना लेटरहेडवर एकपानी नोटीस. त्यांच्या पाकिटांसाठी पत्त्यांची लेबलं. हिरव्या लेजर पेपरवरची (दस्तऐवजांसाठीचा लांब कागद, लेझरशी संबंध नाही) रोजची कर्जाची कागदपत्रं. आणि ६४० नवी भाग प्रमाणपत्रं, कारण जुनी हातानं लिहिलेली प्रमाणपत्रं बदलून संगणकीय क्रमांकाची द्यायचं ठरलं होतं. प्रमाणपत्राचा कागद संचालक मंडळाच्या बैठकीत नमुने हातात घेऊन निवडला होता: लिननसारखी वीण उमटवलेलं, मोतिया रंगाचं २५० जीएसएम कार्ड, कडेनं सोनेरी फॉइलची बॉर्डर. बॉर्डर आणि मजकूर बाहेरून ऑफसेटवर छापून आणायचा, नाव, क्रमांक आणि भागांची संख्या तेवढी संस्थेत लेझरवर भरायची, असा बेत होता. हातात घेतल्यावर कार्ड भारदस्त वाटत होतं. ते कोणत्या मशीनमधून जाणार आहे, हा प्रश्न बैठकीत निघाला नाही.

काय बिघडलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छापलेली पानं गोल वळून बाहेर यायला लागली. लिपिकानं ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शोधून ‘कागदाचा बाक कमी करा’ या अर्थाची खूण चालू केली. बाक कमी झाला, आणि ती खूण तशीच राहून गेली. हा तपशील लक्षात ठेवा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोटिसांचं काम लागलं. एका रीममध्ये बारा-पंधरा वेळा कागद अडकायचा, कधी दोन-तीन पानं एकदम ओढली जायची, आणि पानाच्या मधोमध ढगाळ, फिकट डाग राहायचे. तंत्रज्ञ आला, छपाई फिकी म्हणजे दोष टोनरचा (छपाईच्या काळ्या भुकटीचा), असं म्हणून त्यानं कार्ट्रिज बदललं. दोन दिवस छपाई झकास झाली. तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग कागद आत ओढणारा पिकअप रोलर आणि पानं एकमेकांपासून सुटी करणारं सेपरेशन पॅड बदलले. पुन्हा दोन दिवस बरे गेले.

हे दोन्ही वेळचे ‘दोन दिवस’ फार फसवे होते. तंत्रज्ञानं चाचणीसाठी दोन्ही वेळा नवी, सीलबंद रीम फोडली होती. सुधारणा नव्या कागदामुळे झाली आणि श्रेय नव्या भागांना मिळालं.

तिसरा बिघाड लेबलांचा. बाजारातून आणलेल्या २४ लेबलांच्या ए-४ शीटवर पत्ते छापताना अर्धी वापरलेली शीट पुन्हा आत घातली गेली. रिकाम्या जागेच्या कडेचं एक लेबल सुटलं आणि फ्यूजरच्या, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाच्या, गरम फिल्मवर जाऊन बसलं. ते काढताना स्क्रूड्रायव्हर वापरला गेला. त्यानंतर प्रत्येक पानावर दर साडेसात सेंटिमीटरला एक धुरकट ठिपका यायला लागला.

चौथी तक्रार सगळ्यात गंभीर होती, पण सगळ्यात शांतपणे आली. ११२ प्रमाणपत्रं छापून झाली होती, त्यातली ३८ वाटलीही गेली होती. एका सभासदानं घडी घालून खिशात नेलेलं प्रमाणपत्र परत आणलं. घडीवर आलेलं आडनाव भुकटी होऊन गळून गेलं होतं. काउंटरवरच्या दुसऱ्या प्रतीवर साधी चिकटपट्टी लावून ओढली, तर अख्खं नाव पट्टीवर आलं. ही दिसण्यापुरती त्रुटी नव्हती. ज्या दस्तऐवजावरचं नाव ब्लेडनं खरवडून दुसरं छापता येतं, तो भाग प्रमाणपत्र म्हणून निरुपयोगी आहे.

निदान

तोवर संस्थेत ‘प्रिंटर बिघडलाय’ हे एकच वाक्य चालू होतं. ते मोडून चार वेगळ्या तक्रारी कागदावर मांडल्या, तेव्हा कुठे वाट सापडली.

पहिली चाचणी ओलीची. पतसंस्थेत सोनेतारण असल्यामुळे दशांश ग्रॅमपेक्षाही बारीक वजन दाखवणारा काटा हाताशी होता. त्यावर अख्खी रीम बसत नाही, पण दहा पानं बसतात. ए-४ पानाचं क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर, म्हणून ७५ जीएसएमची दहा पानं सुमारे ४६.८ ग्रॅम भरायला हवीत. ७० जीएसएमची ४३.७ ग्रॅम आणि ८० जीएसएमची ४९.९ ग्रॅम. नुकत्याच फोडलेल्या रीममधली दहा पानं ४६.८ भरली. त्याच कंपनीची, तीन दिवस ट्रेमध्ये पडून राहिलेली दहा पानं ४८.७ भरली. जवळपास दोन ग्रॅम पाणी, म्हणजे चार टक्के, तेही कागदात मुळात असलेल्या पाच टक्क्यांच्या आसपासच्या ओलाव्यावर.

एवढ्याशा पाण्यानं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी ड्रमवरून (अक्षरांचं चित्र धरणाऱ्या फिरत्या नळकांड्यावरून) कागदावर येते ती विजेच्या ओढीनं. कागदाच्या मागून ट्रान्सफर रोलर विरुद्ध भार देतो आणि कागद तो धरून ठेवतो. कोरडा कागद भार धरतो. ओला कागद तो वाहून जाऊ देतो. मग भुकटी ड्रमवरच राहते आणि पानावर ढगाळ डाग पडतो. पुढे फ्यूजरमध्ये साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला हे पाणी वाफ होतं. पाच ग्रॅमच्या पानात नऊ टक्के पाणी धरलं, तर मिनिटाला ३० पानांबरोबर तेरा-चौदा ग्रॅम पाणी मशीनमध्ये जातं आणि त्यातलं बरंचसं वाफेनं बाहेर येतं. मागच्या बाजूनं ‘धूर’ येतोय म्हणून शिपायानं एकदा प्रिंटर बंद केला होता, ती हीच वाफ. वाफ होताना त्यातली उष्णता खर्ची पडते आणि टोनर नीट वितळत नाही. पान एका अंगानं जास्त सुकतं, म्हणून वळतं. गठ्ठ्याच्या कडा आधी ओल धरतात आणि लाटा घेतात, म्हणून पान तिरकं ओढलं जातं आणि अडकतं.

दुसरी चाचणी ठिपका कुठून येतो हे शोधण्याची. छपाई चालू असताना, पान फ्यूजरपर्यंत पोचायच्या आत पुढचं झाकण उघडून मशीन थांबवायचं आणि पान हलकेच बाहेर घ्यायचं. त्यावर टोनर अजून कोरड्या भुकटीच्या रूपात असतो. या पानावर ठिपका नव्हता, याचा अर्थ ड्रम निर्दोष, दोष फ्यूजरमध्ये. ही चाचणी महत्त्वाची, कारण दोन खुणांमधलं अंतर भागिले ३.१४ म्हणजे दोषी रोलरचा व्यास, हा नियम इथे एकटा पुरत नव्हता. ७५ मिलिमीटरवरून २४ मिलिमीटरचा व्यास निघतो, आणि लहान मशीनमध्ये ड्रम नि फ्यूजरची फिल्म दोन्ही त्याच मापाच्या आसपास असू शकतात. याच पानाबरोबर ड्रमवर उरलेला टोनरही पाहिला. सादळलेल्या कागदावर काढलेल्या पानानंतर ड्रमवर अक्षरांची सावली स्पष्ट दिसत होती.

प्रमाणपत्राच्या कार्डाचं एक पान १५.१ ग्रॅम भरलं, म्हणजे सुमारे २४२ जीएसएम. मशीनची कमाल मर्यादा १६३, म्हणजे पानाला १०.२ ग्रॅम. एवढं जाड कार्ड फ्यूजरमधली उष्णता स्वतःच पिऊन घेतं, टोनरपर्यंत ती पुरेशी राहत नाही. त्यात लिननची वीण: खड्ड्यांच्या तळाशी टोनर पोचतो, पण रोलरचा दाब पोचत नाही. त्यात ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ‘साधा’ ठेवलेला. आणि त्यात जुलैमधली ती विसरलेली खूण! बाक कमी करण्यासाठी मशीन फ्यूजरचं तापमान उतरवतं. टोनर पक्का बसवायचा तर तापमान चढवावं लागतं. दोन्ही सोयी ड्रायव्हरमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि एकमेकींच्या विरुद्ध दिशेनं ओढतात, हे तिथे कुठे लिहिलेलं नसतं.

सोनेरी फॉइलनं अजून मोठं काही केलं नव्हतं, हे नशीब. फॉइल म्हणजे धातूचा अतिशय पातळ थर, उष्णतेनं वितळणाऱ्या गोंदानं चिकटवलेला. फ्यूजरमध्ये तोच गोंद पुन्हा सैल होतो आणि सोनं फिल्मवर चढतं. फ्यूजर तपासताना कडेला दोन-तीन चमकते कण सापडले.

लेजर पेपरचं कोडं सगळ्यात सोपं निघालं. ट्रेमध्ये घातलेला कागद आपल्याकडे ‘लीगल’ म्हणून मिळणारा, २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा. प्रिंटरच्या यादीतला लीगल अमेरिकी, २१६ बाय ३५६ मिलिमीटरचा. पान ११ मिलिमीटर आधीच संपतं, सेन्सरला वाटतं कुठेतरी अडकलं, आणि मशीन थांबतं. वर्षभर हाच संदेश येत होता आणि वर्षभर झाकण उघडून बंद करून काम भागवलं जात होतं.

पर्याय

सगळं काम बाहेर देणं हा पहिला पर्याय. नोटिसांसाठी तो योग्यच होता, कारण सर्वांना एकच मजकूर जातो. पण प्रेसकडे गणपतीच्या अहवालांची आणि इतर संस्थांच्या सभांची गर्दी होती, आणि प्रमाणपत्रांसाठी सभासदांची सगळी यादी बाहेर द्यायला व्यवस्थापक तयार नव्हते. ते बरोबरच होतं.

दुसरा, जाड कागद घेणारा नवा प्रिंटर. २२० जीएसएमपर्यंत जाणारी मशीन मिळतात, पण हे कार्ड त्यालाही जड होतं आणि फॉइलचा प्रश्न सुटत नव्हता. आठवड्यातून चार पानं जाड लागतात म्हणून मशीन बदलायचं, हे संचालक मंडळाला पटण्यासारखं नव्हतं.

तिसरा पर्याय इंक टँक प्रिंटरचा, आणि तो मोहात पाडणारा होता. त्याला उष्णता नको, वीण चालते, फॉइल चालतं. अडचण शाईची: रंगद्रव्य पाण्यात विरघळणारं असेल तर पावसाच्या एका थेंबानं नाव पसरतं. पिगमेंटची काळी शाई टिकाऊ असते, पण मग शाई कोणती भरली आहे यावर कायमची नजर ठेवावी लागली असती. टोनरमधला काळा रंग कार्बनचा असतो आणि तो नीट वितळून बसला तर कागद आधी जाईल, अक्षर नाही. टिकवायच्या दस्तऐवजासाठी लेझर सोडू नये, असं ठरलं.

चौथा पर्याय मशीन तेच ठेवून कागद आणि हाताळणी बदलण्याचा. यात एकच गोष्ट गिळायला कठीण होती: आणलेलं, छापलेलं, पैसे मोजलेलं ६५० पानांचं कार्ड बाजूला टाकणं. ‘एवढं आणलंय तर संपवू’ यावर दोन दिवस गेले. मधला मार्ग म्हणून तीच छापील प्रमाणपत्रं ‘जाड कागद’ निवडून कोरं पान छापण्याच्या आज्ञेनं पुन्हा फ्यूजरमधून काढावीत, म्हणजे टोनर पक्का बसेल, असंही सुचवलं गेलं. साध्या कागदावर ही युक्ती चालते. फॉइल असलेल्या कागदावर ती करणं म्हणजे फ्यूजरची उरलीसुरली आशा सोडणं, म्हणून नाकारली.

काय केलं

सुरुवात जागेपासून. साध्या आर्द्रतामापकावर हॉलमध्ये २७.५ अंशाला ८९ टक्के आर्द्रता होती, व्यवस्थापकांच्या एसी केबिनमध्ये २५ अंशाला ५८ टक्के. बहुतेक लेझर प्रिंटरची मर्यादा ८० टक्क्यांची असते. कागद एसीत ठेवून लागेल तसा हॉलमध्ये आणू, ही पहिली कल्पना उलटी पडली असती: थंड रीम दमट हवेत फोडली की गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं पानांवर सुटतं. म्हणून प्रिंटरच केबिनमध्ये नेला. व्यवस्थापकांनी आवाजाची कुरकुर केली, पण ३० सप्टेंबरपर्यंत सोसायचं कबूल केलं.

सीलबंद रीमा केबिनमध्ये आणून २४ तास तशाच ठेवायच्या, मगच फोडायच्या. ट्रेमध्ये १०० पानांपेक्षा जास्त भरायची नाहीत. संध्याकाळी एसी बंद होतो, म्हणून उरलेली पानं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. उरलेला साठा भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांवर. एरवी कोकणात कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे आणि तिच्यामागचा हिशेब पक्का आहे: २७ अंशाची ९० टक्के दमट हवा ३३ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. पण कागदाच्या कपाटात रात्रभर ६० वॅटचा बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण. पंधरा वॅटचा, जाळीच्या आत, कागदापासून हातभर लांब असेल तर ठीक. इथे डब्यावर भागलं.

कागदाची खरेदीही बदलली. लेटरहेड स्थानिक प्रेसनं मोठा ताव कापून दिलं होतं. त्याच्या दोन पट्ट्या, दोन सेंटिमीटर रुंद आणि पंधरा लांब, एक उभी आणि एक आडवी कापून एकत्र धरल्या. उभी पट्टी खाली लोंबली, आडवी ताठ राहिली. म्हणजे तंतू पानाच्या रुंदीच्या दिशेनं होते. ६० ते ९० जीएसएमच्या कागदाला ते लांबीच्या दिशेनं हवेत. नाहीतर पान पुढे सरकताना लवचीक पडतं आणि जास्त वळतं. शिवाय बोथट पात्यानं कापल्यामुळे कडा कुसळलेल्या होत्या, पानं एकमेकांना धरत होती, आणि ऑफसेटची शाई पाठीला लागू नये म्हणून मारलेली पावडर रोलरवर बसून ते गुळगुळीत करत होती. नव्या रोलरलाही दोन दिवसांत तेच झालं असणार. त्या गठ्ठ्यातला कागद हातानं लिहायच्या पत्रांसाठी ठेवला. नोटिसा कारखान्यात कापलेल्या ७५ जीएसएम कॉपियर कागदावर, लेटरहेडसकट लेझरवरच छापल्या. रीमच्या वेष्टनावरचा बाण ज्या बाजूकडे असतो ती बाजू आधी छापायची, हेही पाळलं. रोलर पाण्यात किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसले.

लेबलांसाठी वेष्टनावर ‘लेझरसाठी’ असं लिहिलेली शीट मागवली. लेबलांच्या मध्ये फट नसलेली, खालचा गुळगुळीत कागद कुठेही उघडा न पडलेली. नियम दोनच: शीट मशीनमध्ये एकदाच जाईल, आणि एक लेबल जरी काढलेलं असलं तरी जाणार नाही. प्रकार ‘लेबल’ निवडून, मागचं झाकण उघडं ठेवून, म्हणजे शीट सरळ बाहेर पडते. पाकिटांवर थेट छापायचा प्रयत्न वीस पाकिटांत सोडला. हवेतल्या ओलीनं गोंदाच्या पट्ट्या आधीच चिकटत होत्या आणि चार थरांच्या कोपऱ्यात चुण्या पडत होत्या.

फ्यूजरची फिल्म बदलावी लागली. त्याला इलाज नव्हता.

प्रमाणपत्रासाठी नवा कागद ठरवला: १२० जीएसएम, गुळगुळीत, लेप नसलेला, पांढरा. बॉर्डर ऑफसेटवरच, पण साध्या पिवळसर-तपकिरी शाईत, ‘लेझर प्रिंटरमधून जाणार आहे’ असं प्रेसला लेखी कळवून. फ्यूजरच्या उष्णतेत शाई सुटता कामा नये, आणि पावडर शक्य तितकी कमी. छापून आल्यावर दहा दिवस कागद तसाच वाळू दिला. त्याआधी दहा नमुने घेऊन चाचणी झाली: ड्रायव्हरमध्ये ‘जाड कागद’, बाक कमी करण्याची खूण बंद, टोनर पक्का बसवण्याची चालू, मॅन्युअल फट, मागचं झाकण उघडं. मशीन या प्रकाराला निम्म्या वेगानं चालतं, म्हणून एका पानाला जास्त वेळ लागतो. लिपिकांना आधी ते बिघाड वाटलं. प्रत्येक नमुन्यावर तीन परीक्षा: अंगठ्यानं दहा वेळा घासणं, चिकटपट्टी लावून ओढणं, छापलेल्या नावावर घडी घालून नखानं दाबून उघडणं. घडीच्या रेषेवर केसाएवढं पांढरं दिसलं, तेवढं चालतं. अक्षराचा तुकडा पडला तर तो कागद नापास.

सोन्याची हौस मात्र राहिली नाही असं नाही. छपाई झाल्यावर कोपऱ्यात सोनेरी गोल सील हातानं चिकटवून त्यावर संस्थेचा उठावाचा शिक्का मारला. उठाव आधी मारला असता तर रोलरनं तो सपाट केला असता आणि भोवतीचा टोनर उडाला असता.

वाटलेल्या ३८ प्रमाणपत्रांचा निर्णय कागदाचा नव्हता, कारभाराचा होता. क्रमांक असलेला दस्तऐवज गुपचूप बदलता येत नाही. संचालक मंडळानं ठराव केला, ११२ च्या ११२ रद्द केली, वाटलेली परत मागवली आणि भाग नोंदवहीत नव्या क्रमांकाची नोंद घेतली. ३८ पैकी ३५ परत आली. उरलेल्या तिघांना लेखी कळवून जुने क्रमांक रद्द झाल्याची नोंद केली.

लेजर पेपरसाठी ड्रायव्हरमध्ये २१५ बाय ३४५ चं स्वतंत्र माप तयार करून त्याला ‘लेजर हिरवा’ असं नाव दिलं. पाच मिनिटांचं काम.

निष्पत्ती

नोटिसा मुदतीच्या तीन दिवस आधी पोस्टात पडल्या. रीममागे बारा-पंधरा वेळा अडकणारा कागद एक-दोन वेळांवर आला, आणि तेही बहुधा संध्याकाळी, एसी बंद झाल्यावर. ढगाळ डाग पूर्ण गेले. ६४० प्रमाणपत्रं छापताना १९ पानं वाया गेली, त्यातली बरीचशी फटीत तिरकी घातल्यामुळे. लेजर पेपरवरचा ‘अडकला’ संदेश थांबला. त्याच्या कुसळलेल्या कडांमुळे दोन पानं एकदम जाण्याचा त्रास थोडा उरला आहे, तो गड्डी फुलवून, टेबलावर आपटून सारखी करून मगच ट्रेमध्ये घातली की कमी होतो.

नवा प्रश्न एक उभा राहिला. प्रमाणपत्रं द्यायला चकचकीत पीव्हीसीचे पाऊच आणले होते. पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्यं टोनरलाही मऊ करतात आणि काही महिन्यांत अक्षरं पाऊचला चिकटतात. जुन्या फायलींमधून उलटी अक्षरं उमटलेली प्लास्टिकची पानं पुष्कळांनी पाहिली असतील. पाऊच परत करून पॉलिप्रॉपिलिनचे घेतले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तक्रारीच्या दिवशीच सीलबंद रीम फोडून वीस पानं काढून पाहिली असती आणि ती चांगली आली असती, तर कार्ट्रिज, रोलर आणि पॅड यांपैकी काहीही तेव्हा बदलावं लागलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तंत्रज्ञाला सांगणं ग्राहकाचंच काम आहे. तो घाईत असतो.

कार्डाची ऑर्डर देण्याआधी दहा कोरी पानं मागून मशीनमधून काढली असती तर ६५० पानांचा खर्च वाचला असता. नमुने दाखवायला आलेला प्रेसवाला ती फुकट देतो. निवडीची बैठक आणि ही चाचणी यांचा क्रम बदलायला हवा होता, एवढंच.

ड्रायव्हरमधली खूण कुणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद कुठेच नव्हती. आता प्रिंटरच्या बाजूला एक पुठ्ठा लावला आहे: साधा कागद, लेबल, प्रमाणपत्र, लेजर हिरवा, अशा चार ओळी, प्रत्येकीपुढे ट्रे, कागदाचा प्रकार, माप आणि मागचं झाकण उघडं की बंद. याऐवजी ड्रायव्हरमध्येच चार नावांनी चार सेटिंग जतन करता आली असती, ते जास्त खात्रीचं. संस्थेत तीन संगणकांवरून छपाई होते आणि प्रत्येकाचं ड्रायव्हर वेगळं, म्हणून पुठ्ठा.

एका गोष्टीवर मतभेद कायम आहेत. नोटिसांसाठी ७५ ऐवजी ८० जीएसएम घ्यावा, असं तंत्रज्ञाचं म्हणणं. पाण्याच्या बाबतीत ८० चा कागदही तेवढाच सादळतो, फक्त ताठपणामुळे थोडा कमी अडकतो. १,८०० पानांसाठी फरक फार नाही. पुढच्या वर्षी दोन रीमा ८० च्या आणून ऑगस्टमध्येच, हॉलमध्ये एक आणि केबिनमध्ये एक, अशी दहा-दहा पानं सोन्याच्या काट्यावर तोलून पाहायचं ठरलं आहे. प्रिंटर ऑक्टोबरमध्ये हॉलमध्ये परत आला.